गोलातले घाटोळेकाका

घाटोळेकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, परकार असायचा. पोलादी, जुना, सांध्याशी थोडा सैल झालेला, पण टोकाला अगदी शाबूत. ही माहिती आमच्या चौबे कॉलनीतल्या प्रत्येक मराठी माणसाला थेट छातीतून मिळालेली होती. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला गेलं की काका आपट्याची पानं कपाळाला लावत आणि कडकडून मिठी मारत. मिठी मनापासून असे, त्यामुळे टोचणंही मनापासून होई. जाणती माणसं त्या दिवशी आत जाड बनियन घालून जात. मी कॉलनीत नवा होतो, मला कोणी सांगितलं नाही.

"लागलं का बे?" काकांनी विचारलं.

"नाही, नाही," मी छाती चोळत म्हणालो.

"लागतेच. टोकदार आहे," ते अभिमानाने म्हणाले. "बोथट परकारानं राज्य नाही चालत, सुधीर."

राज्य आपल्या परकारावर चालतं, असं काकांचं प्रामाणिक मत होतं. राज्य नवीन होतं, तेव्हा अशी मतं खपून जात. मध्य प्रदेशाची वाटणी झाली तेव्हा कपाटं, जीपगाड्या आणि कर्मचारी यांचीही वाटणी झाली आणि त्या वाटणीत काका भोपाळहून रायपूरला आले. "भोपाळवाल्यांनी चांगले पंखे ठेवून घेतले अन् आम्हाले पाठवलं," असं ते सांगत. रायपूर राजधानी झालं खरं, पण राजधानीला बसायला जागा नव्हती. मिळेल तिथे कचेऱ्या घुसवल्या, आणि काकांचं खातं एका जुन्या इस्पितळात जाऊन पडलं. फाइली ठेवायला कपाटं नव्हती, पण पलंग भरपूर होते. महत्त्वाच्या फाइली पलंगावर झोपत आणि बिनमहत्त्वाच्या पलंगाखाली. काकांच्या खोलीच्या दारावर कित्येक महिने 'एक्स-रे' अशीच पाटी होती. आत भिंतीवर एक्स-रे पाहायची दिव्याची पेटी तशीच राहिली होती. काका तिच्यावर नकाशे लावून काम करत, आणि खात्यात त्यांच्याइतकी उजेडात बसलेली व्यक्ती दुसरी नव्हती.

काम असं होतं. प्रत्येक वस्तीपासून एका किलोमीटरच्या आत सरकारी प्राथमिक शाळा असली पाहिजे, असा नियम. नियम चांगलाच. मग कुठल्या वस्तीला शाळा आहे आणि कुठल्या वस्तीला नाही, हे ठरवणार कोण? घाटोळेकाका. ते नकाशावरच्या शाळेवर परकाराचं टोक रोवत, एका किलोमीटरचं माप घेत आणि गर्रकन गोल काढत. गोलात जी वस्ती आली तिला शाळा 'उपलब्ध' झाली. मधे डोंगर असो, जंगल असो, अस्वलांची वस्ती असो, काकांचा गोल कशालाही अडत नसे. शाळा नाही म्हणून एखाद्या गावाचा अर्ज आला, की ते दिव्याच्या पेटीकडे बघून दोनच शब्द उच्चारत, "गोलात आहे!" आणि अर्ज पलंगाखाली जाई.

"काका, तुम्ही कधी एखाद्या गावात जाऊन पाहिलंत का?" मी एकदा विचारलं.

"काहून जायचं?" काका खरोखर चकित झाले. "नकाशा पाहिला म्हंजे गाव पाहिलं. तिकडं जाऊन काय दिसते? झाडं दिसतात."

खरं कारण वेगळं होतं. काकांना गाडी लागायची. जीप कॉलनीच्या पहिल्या वळणाला पोचायच्या आत त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी दौरे चुकवण्यात घालवली होती, आणि ज्या माणसाने एकही खेडं पाहिलं नव्हतं त्याच्या हातात सगळी खेडी होती. पण हे काही आमच्या राज्याचं वैशिष्ट्य नव्हे, तेव्हा त्याबद्दल मी फार बोलत नाही.

घरीही तोच कारभार. भाड्याचं घर निवडताना त्यांनी शहराच्या नकाशावर परकार फिरवला होता. दूध, डॉक्टर, देऊळ, भाजी सगळं गोलात. "स्मशान पण गोलातच आहे," ते मला समाधानाने म्हणाले होते, "त्याची कटकट नाही." माझं लग्न ठरलं आणि सासर भनपुरीकडचं निघालं, तेव्हा काकांनी नकाशा उघडून मान डोलावली. "गोलाच्या भाएर आहे. झकास. सासर गोलात असलं की जावयाले रोज गिरणीत धाडतात." तेलीबांध्याला कोणाची मुंज असली तर काका आहेर माझ्याजवळ देऊन घरी थांबत. गोलाबाहेरच्या मुंजी आपोआप लागतात, अशी त्यांची समजूत असावी.

एका वर्षी आमच्या गणपतीच्या महाप्रसादाला पाण्याची व्यवस्था काकांकडे आली. त्यांनी हॉलचा नकाशा काढला, मधोमध टोक रोवलं आणि पाण्याचा ड्रम बरोबर तिथे ठेवला. सगळ्या पंगती गोलात बसवल्या. वाढपी कुठून कुठे फिरणार तेही आखून दिलं. फक्त हॉलच्या मधे एक भला मोठा खांब होता आणि नकाशात खांब नव्हता. खांबाच्या पलीकडे बायकांची पंगत बसली होती. तिथे मसालेभात पोचला, जिलेबी पोचली, पाणी काही पोचलं नाही.

"अहो! पाणी!" खांबामागून आवाज आला आणि हॉलच्या खिडक्या थरथरल्या.

या घाटोळेकाकू. काकूंच्या आवाजाबद्दल वेगळं सांगायला हवं. काकू बोलत नसत, कळवत असत. भाजीवाला दोन गल्ल्या पलीकडे असला तरी काकू ओट्याजवळूनच कोथिंबिरीचा भाव ठरवत. नागपूरच्या बहिणीशी त्या फोनवर बोलू लागल्या की मध्ये फोन कशाला हवा, असा प्रश्न पडे. शेजारी जन्मलेली पोरं काकूंच्या आवाजात निवांत झोपायला शिकली होती. बाकी बाई मायाळू. फक्त कुठलीही पत्रिका किंवा चिठ्ठी हातात आली की त्यांचा चष्मा हरवायचा. "सुधीर, वाच ना बाप्पा, चष्मा नाही सापडून राहिला," असं त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत, आणि चष्मा त्यांच्या डोक्यावर असे. मला वाटे, बाईंना म्हातारपण मान्य नाही.

तर त्या दिवशी खांबामागून पाणी मागितल्यावर काका जागेवरून उठलेही नाहीत. "तुम्ही गोलात आहात!" त्यांनी इकडून ओरडून कळवलं. बायकांनी त्या दिवशी जिलेबीवर कढी प्यायली.

हे असंच चालू राहिलं असतं, पण एका पावसाळ्यात बोईरपाऱ्याचा प्रश्न विधानसभेत आला. पारा म्हणजे वस्ती. आमच्या आमदार मंडळींपैकी कोणीतरी विचारलं होतं की बोईरपाऱ्याला शाळा का नाही. काकांनी उत्तर तयार ठेवलं होतं, 'गोलात आहे'. पण साहेबांना वाटलं की विधानसभेला दोनच शब्द देणं बरं दिसणार नाही. जागेवर जाऊन पाहणी झाली असं लिहिलं की उत्तराला वजन येतं. ज्यांनी जायचं ते अधिकारी नेमके रजेवर गेले, आणि भर श्रावणात काकांना जीपमध्ये बसवून रवाना करण्यात आलं. सोबत लिंबं, आलेपाक आणि परकार. काकू फाटकापाशी उभ्या राहून "खिडकीजवळ बसा!" असं जीप चौकात वळेपर्यंत सांगत होत्या.

काका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. मी त्यांच्या ओट्यावर चहाला बसलो होतो, काकू भाजी निवडत होत्या. काकांचा चेहरा अजून जीपच्याच रंगाचा होता, पण अंगात उत्साह होता.

"एक नवीनच तऱ्हा पाहून आलो सुधीर. हसून हसून मरशील. अरे, शाळा आहे! गोलातच आहे! मी उभा होतो तिथून दिसून राहिली होती. पांढरी इमारत, वर झेंड्याचा खांब. म्या मनात म्हटलं, पाहा, चुकला का घाटोळे?"

"मग?"

"मग काही नाही. मधात नदी आहे."

बोईरपारा नदीच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. उन्हाळ्यात पोरं वाळूतून चालत जातात. पावसाळ्यात नदी भरते, पूल फार दूर, आणि डोंगा घालायला कोणी धजत नाही. तेव्हा पलीकडचे गुरुजी आपल्या काठावर येतात आणि अलीकडची पोरं आपल्या काठावर. गुरुजी एका हातात हजेरी धरतात, दुसऱ्या हातात छत्री. मोठ्याने एकेक नाव पुकारतात. पोराने इकडून "उपस्थित!" म्हणून बोंब ठोकायची. आवाज पोचला की गुरुजी छत्री वर करतात. छत्री वर गेली की हजेरी लागली.

काका उठून उभे राहिले, माझी छत्री घेतली आणि गुरुजी करून दाखवू लागले. "म्या इकडून वरडून विचारलं, असं काहून करून राहिले? तर गुरुजी तिकडून म्हणतो, 'साहब, नदिया चढ़थे त हाजिरी अइसनेच लेथन!' नदी चढली की हजेरी अशीच, म्हणे. मी म्हटलं, अन् अभ्यास? तर म्हणतो, 'हव साहब, ओहू होथे!' अन् त्यानं तिकडून दोनचा पाढा सुरू केला. नदीचा धो-धो आवाज, तिकडून गुरुजी 'दो दूनी' म्हणून राहिला, इकडून पोट्टे 'चार' म्हणून राहिले. कोणाले काय ऐकू येते, देव जाणे. पाढा झाला, शाळा सुटली."

मी खूप हसलो. कागदावर हजेरी लागत होती, गोल पूर्ण होता आणि शाळा नदीवर भरत होती. असं सरकार इतरत्र मिळणं कठीण.

"गुरुजी मोठा पक्का आहे," काका रंगात आले होते. "एक पोट्टी होती, बिसाहिन. एवढीशी, पहिलीतली. तिचं नाव आलं, ती वरडली, छत्री हलली नाही. पुन्हा वरडली. मान ताणून, डोळे मिटून. पण आवाजच नाही ना तिले! बाकीचे पोट्टे तिच्या वतीनं वरडाले लागले, तर गुरुजी तिकडून हात हालवून नाही म्हणे. ज्याची हजेरी त्यानंच द्यायची. म्हंजे माणूस प्रामाणिक हाय."

"मंग?" काकूंनी विचारलं.

"मंग काय?"

"त्या पोट्टीचं काय झालं?"

"काय होते? गैरहजर लावली. गेली एका दगडावर जाऊन बसली."

काकूंनी भाजीचं ताट बाजूला सारलं. त्या बोलू लागल्या ते नेहमीच्याच पट्टीत, म्हणजे समोरच्या बंगल्यातल्या माणसाने टीव्हीचा आवाज वाढवला.

"आमच्या गावाले पण शाळा होती. भंडाऱ्याकडं. नदीच्या त्या बाजूले. आमच्या मास्तरांजोळ छत्री नव्हती, ते टोपी हालवत. माहं नाव पुकारत, 'सुमन केशव बारापात्रे!' मी 'हजर' म्हणत जाय. टोपी हाले नाही. माहा आवाज तवा लई बारीक होता. पूर उतरेपर्यंत रोज गैरहजर. मंग मास्तरांनं बापाले सांगतलं, पोट्टी शाळेत येत नाही. बापानं नाव कहाडलं. म्हणे घरी राहून शेण तरी उचलीन."

"काय बोलून राहिली तू?" काका म्हणाले. "तू तर चौथी पास आहेस."

"ते सोयरीक जमवताना सांगतलं होतं. तुम्ही तरी कुठं पाहाले आले होते?" काकूंनी ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. "तवापासून मी मोठ्यानं बोलून राहिली. नदी नसली तरी. सवयच लागली."

मला डोक्यावरचा तो चष्मा आठवला.

"एवढे गोल काढता तुम्ही," काकू मेथीची पानं खुडत म्हणाल्या. "मी बी गोलातच होती."

काका हातातली माझी छत्री घेऊन तसेच आत गेले. ती छत्री मला परत मिळाली नाही.

यानंतर काका सुधारले असं कोणाला वाटत असेल तर तो काकांना ओळखत नाही. वेडा माणूस शहाणा होत नाही, फार तर वेड बदलतो. काकांचा परकार खिशातच राहिला, पण आता त्यांना आवाजाने झपाटलं. शाळा किती अंतरावर हवी हे किलोमीटरने ठरवायचं नाही, असा त्यांचा नवा सिद्धांत होता. वस्तीतल्या सर्वांत लहान पोराचा आवाज जिथवर पोचतो आणि जिथवर ते पोर पावसाळ्यात चालत जाऊ शकतं, तिथवर शाळेची हद्द. खात्याला पटवायचं तर प्रयोग हवा, म्हणून एका रविवारी सकाळी ते काकूंना घेऊन चक्क गोलाबाहेर, तेलीबांधा तलावावर गेले. मला छत्री वर करायला नेलं होतं.

काकू एका काठाला आणि आम्ही दुसऱ्या. मधे तलाव, आणि भोवती सकाळी पोट कमी करायला आलेले शहरातले प्रतिष्ठित लोक. काकांनी तोंडाशी हाताचा कर्णा करून नाव पुकारलं. पलीकडून काकूंनी "हजर!" म्हटलं. दोन बदकं उडाली. योगासनं करणारे एक गृहस्थ शवासनातून ताडकन उठून बसले. कोणीतरी बुडतंय असं समजून माणसं धावली, पाठोपाठ एक हवालदार आला.

"क्या हो रहा है भैया?"

"हाजरी," काका शांतपणे म्हणाले.

हवालदाराने माझ्या वर केलेल्या छत्रीकडे पाहिलं आणि आम्हाला घरी जायला सांगितलं. काका परतताना नाराज होते. "तुह्या आवाजावर नियम नाही बसवता येत," असं ते काकूंना रिक्षाभर ऐकवत होते. "तुह्या आवाजाच्या हिशेबानं पुऱ्या राज्याले एकच शाळा पुरते."

बोईरपाऱ्यासाठी मात्र त्यांनी कचेरीत खरोखर डोकं फोडलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की नदीच्या अलीकडे एक खोली आणि एक गुरुजी द्या, निदान पावसाळ्यापुरता तरी. बिसाहिनचं नाव त्यांनी इतक्यांदा घेतलं की ती काकांची कोण लागते, अशी कचेरीत चौकशी सुरू झाली. दरम्यान कचेरी इस्पितळातून उठून तेलीबांध्याच्याही पुढे, नव्या राजधानीत गेली. तिथे रस्ते इतके रुंद होते की पलीकडच्या माणसाला नमस्कार करायचा तर आधी ओरडावं लागे. काका रोज स्टाफबसने, लिंबू हुंगत जात. नवे साहेब तरुण होते, हुशार होते, काचेच्या खोलीत बसत. त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि संगणक त्यांच्याकडे वळवला.

"घाटोळेजी, ये देखिए। आपका गाँव गोले के अंदर है।"

"सर, गोल्यात नदी आहे ना. वो गोला गलत है।"

"अब गोला तो सॉफ्टवेयर खींचता है," साहेब हसून म्हणाले. "लेकिन माप आप ही का है। आप ही के नक्शों से बनाया है हमने।"

काकांनी आयुष्यभर ज्या दोन शब्दांनी गावोगावचे अर्ज पलंगाखाली सारले, तेच दोन शब्द त्यांना हिंदीत परत मिळाले. नव्या कचेरीत पलंगही नव्हते. अर्ज कुठे गेला हे त्यांना कधीच कळलं नाही. विधानसभेत उत्तर गेलं की शाळा उपलब्ध आहे, उपस्थिती समाधानकारक आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून कोणी पुढे विचारलं नाही.

मग काका निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणात साहेबांनी त्यांना 'हमारे गोले वाले दादा' म्हटलं आणि सगळे हसले. काकाही हसले. मी तिथे होतो, मला ते हसणं आवडलं नाही.

त्या वर्षापासून पावसाळा लागला की काका-काकू नागपूरला जाऊ लागले. काकूंच्या गुडघ्यांवर कोण्या वैद्याचे उपचार आहेत, ते पावसाळ्यातच होतात, असं काकूंनी सगळ्या कॉलनीला घरबसल्या कळवलं होतं. जाताना घराची किल्ली माझ्याकडे असे. दसऱ्याला परत येत. गुडघे होते तसेच असत. त्यांच्या नसण्याने गल्ली इतकी शांत होई की आमच्या बाळाला झोप लागत नसे.

एका पावसाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघराचं छत गळू लागलं. सामान हलवायचं, गवंडी बोलवायचा, तर काकांना विचारायला हवं. फोन लागेना. मी नागपूरला काकूंच्या बहिणीला फोन केला. त्या म्हणाल्या, "सुमन? ती तर किती वर्षांत पावसाळ्यात इकडं आलीच नाही." वैद्याचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मग मला काकांना बोईरपाऱ्याला नेणारा तो कचेरीच्या जीपचा जुना ड्रायव्हर आठवला. तो आता स्वतःची गाडी चालवत होता. त्याने माझ्याकडे, एवढंही माहीत नाही का, अशा नजरेने पाहिलं.

"हव भैया, साहब को तो हर साल मैं ही छोड़ता हूँ। रास्ते में चार बार गाड़ी रोकनी पड़ती है।"

त्याच गाडीतून मी बोईरपाऱ्याला गेलो. रस्ता संपल्यावर चिखलातून चालावं लागलं. नदी तशीच भरलेली होती, आणि पलीकडे ती पांढरी इमारत खरोखरच अगदी हाकेच्या अंतरावर दिसत होती. काकांच्या गोलात काही चूक नव्हती.

वस्तीतल्या एका घराच्या पडवीत पोत्यांवर पोरं बसली होती. समोर खाटेवर घाटोळेकाका, हातात हजेरी आणि माझी छत्री. खिशात परकार नव्हता. तो पुढच्या रांगेतल्या एका मोठ्या मुलीच्या हातात होता आणि ती पाटीवर गोल काढत होती. सरकारचं इथे काही नव्हतं. पलीकडचे गुरुजी कंटाळून, किंवा घसा बसून, हे काम काकांवर सोडून मोकळे झाले होते. कागदोपत्री हजेरी आधीही समाधानकारक होती, आताही समाधानकारकच असणार.

मी कुंपणाशीच थांबलो. काका नावं पुकारत होते. पोरं हातभर अंतरावर बसलेली, तरी काका प्रत्येक नावाला मान उंच करून, नदीपलीकडे बोलावं तसं पुकारत होते आणि उत्तर आलं की मिटलेली छत्री वर करत होते. ती दर वेळी छपराच्या कौलाला लागत होती.

"बिसाहिन!"

परकार धरलेल्या त्या मुलीने पाटीवरून मान वर न काढता "उपस्थित," म्हटलं. आवाज अजूनही बारीकच होता. छत्री लगेच वर गेली.

यादी संपली असं मला वाटलं. काकांनी हजेरी मिटली नाही. त्यांनी चष्मा सारखा केला आणि घसा खाकरला.

"सुमन केशव बारापात्रे!"

पोरं मागे वळून बघू लागली. शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ टेकून, दुखरे गुडघे लांब करून काकू बसल्या होत्या. मांडीवर पाटी, चष्मा डोक्यावर नाही, डोळ्यांवर. त्यांनी पाटी खाली ठेवली, पदर नीट केला, आणि बोलल्या ते मला कुंपणाशी जेमतेम ऐकू आलं.

"हजर, गुरुजी."

काकूंचा इतका हळू आवाज मी त्याआधी कधीच ऐकला नव्हता. काकांनी छत्री वर केली, आणि बराच वेळ ती खाली घेतली नाही.